गायीचे आयुष्य : वाण आणि वैरण

प्रश्न : आमच्या घरची गवळाऊ गाय म्हातारपणापर्यंत वीत राहिली, दूध अधिक देणारी संकरित गाय मात्र चौथ्या वेतानंतरच खंगली. दोष वाणाचा की खुराकाचा?
– एक शेतकरी, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : दोष दोन्हींचा असू शकतो, पण आमच्या मते आधी खुराक तपासावा. वर्धा-नागपूर पट्ट्यातील गवळाऊ या देशी वाणाचे दूध बेताचे असल्याने तिच्या शरीरावर ताण कमी पडतो. याउलट अधिक दुधाची गाय व्यायल्यानंतर दूध झपाट्याने वाढते, भूक मागे राहते आणि ती अंगावरची चरबी झिजवू लागते. अशा वेळी केवळ सोयाबीनचे कुटार (भुसा) व ढेप (पेंड) यांवर तिला ठेवले, तर खनिजे कमी पडून ती वेळेवर माजावर येत नाही, आणि गाभण न राहणारी गाय गोठ्यात फार काळ टिकत नाही. दुधासाठी मक्याचा भरडा एकदम वाढवल्यास पोटात आम्लता होऊन खूरही दुखावतात. म्हणून हिरवी वैरण, कडब्याची कुट्टी आणि रोज सुमारे ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्यावे, आणि भरडा हळूहळू वाढवावा.

वाणाबाबत एवढेच, की संकरित गायीत विदेशी वाणाचे रक्त साधारण ५० टक्क्यांपर्यंतच ठेवावे, कारण त्यापुढे विदर्भाचा ४५ अंशांचा उन्हाळा गायीला सोसत नाही. गावातील एकच वळू त्याच्याच कालवडींवर सोडणे कटाक्षाने टाळावे. रेतनासाठी वळू निवडताना त्याच्या आईच्या दुधासोबतच त्याच्या मुलींची कास आणि पाय कसे आहेत, हेही पशुवैद्यकांना अवश्य विचारावे.