राउटर साडेदहाला बंद करू नका

धायरीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगा नुकताच अकरावी सायन्स झाला, बायफोकलला कॉम्प्युटर सायन्स, एकूण ७१ टक्के. घरातल्या जुन्या लॅपटॉपवरचं विंडोज काढून त्याने लिनक्स ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम टाकली आणि तीन आठवडे तो अँड्रॉइड ॲप बनवायला लागणारी सॉफ्टवेअर बसवतो आहे. ॲप अजून एकही नाही. आत्याच्या मुलाने मात्र क्लास लावून महिन्याभरात ॲप केलं. वडील विचारतात : डेक्कनच्या एका क्लासची ४५ हजार रुपये फी भरू, की सीईटी होईपर्यंत लॅपटॉप कपाटात ठेवू?

सप्रेम नमस्कार,

तुमच्या दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर ‘नको’ आहे. पण आधी तुमच्या पत्रातल्या एका वाक्याबद्दल बोलतो. तुम्ही लिहिलंय, ‘साधं एक सॉफ्टवेअर लावता येत नाही, तो इंजिनिअर काय होणार, असं त्याला तोंडावर सांगितलं.’ आणि तो रात्री जागू नये म्हणून रोज साडेदहाला राउटर बंद करता. ७१ टक्क्यांची मला काळजी वाटली नाही. या वाक्याची वाटली. आत्याच्या मुलाचं नाव तुमच्या पत्रात पाच वेळा आलंय, तुमच्या मुलाचं एकदाच.

तो वेळ कसा घालवतो ते दाखवायला तुम्ही त्याच्या वहीच्या एका पानाचा फोटो जोडलात. ते पान मी फार सावकाश वाचलं. पहिली नोंद : एम्युलेटर, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर चालणारा नकली फोन, सुरू होत नाही, केव्हीएम (तो नकली फोन वेगाने चालवणारी लिनक्समधली सोय) सापडत नाही. त्याखाली, ‘बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद होतं, चालू केलं.’ म्हणजे त्या सोयीला लागणारी, संगणकाच्या मुळातली सेटिंग. मग ‘परमिशन डिनाइड’. त्याखाली, ‘स्वतःचं नाव केव्हीएम ग्रुपमध्ये घातलं, लॉगआउट करून परत आलो, झालं.’ मग, ‘एम्युलेटर उघडला, लॅपटॉप गोठला. रॅम ८ जीबी.’ नकली फोन जमेना म्हणून त्याने खरा फोन केबलने जोडला. लिनक्सने तिथेही परवानगी नाकारली. त्याने यूडेव्हचे, म्हणजे जोडलेलं उपकरण कोणाला वापरू द्यायचं ते लिनक्सला सांगणारे, नियम बसवले, ती अडचणही सुटली. शेवटची नोंद अशी : ‘आता अनऑथराइज्ड म्हणतंय. फोनवर परवानगी विचारतो, तिथे अलाउ दाबायला हवं. फोन बाबांचा. विचारू का?’

हे पान वेळ वाया घालवणाऱ्या मुलाचं नाही हो. काय अडलं, का अडलं, काय केलं, पुढे काय, हे त्याला कोणी न शिकवता तो ओळीने लिहितो आहे. नोकरीला लागलेल्या कितीतरी मुलांना ही सवय लावावी लागते. त्याच पानाच्या कडेला ‘ग्रेडल, डाउनलोड तुटलं’ असं चार वेळा लिहिलंय आणि चारही वेळा पुढे वेळ आहे साडेदहानंतर दोन-चार मिनिटांची. ग्रेडल हे कोड आणि लागणाऱ्या लायब्ररी गोळा करून त्यातून ॲप बांधणारं साधन. नव्या संगणकावर पहिल्यांदा ते चालवलं की काहीशे एमबी सामान इंटरनेटवरून उतरवून घेतं. ते अर्ध्यावर असताना तुमचा राउटर बंद होतो. सकाळी तुम्ही विचारता, झालं का? ते कसं व्हावं?

तुमचा एक गैरसमज मात्र खोडायलाच हवा. ‘कंपनीत सगळं तयार मिळतं, हे इन्स्टॉलेशन म्हणजे हमालीचं काम,’ असं तुम्ही म्हणता. हिंजवडीत किंवा खराडीत नव्याने रुजू झालेल्या कोणत्याही मुलाला विचारा, पहिले दिवस कशात गेले. जेडीकेची (जावातला कोड बांधायला लागणारं साधन) आवृत्ती एक, ग्रेडलची दुसरी, प्रोजेक्टला हवी तिसरीच, आणि शेजारच्याच्या मशीनवर चालणारा कोड आपल्या मशीनवर चालत नाही. ही भानगड नोकरीभर पुरते. क्लासमध्ये सगळं आधीच बसवून ठेवलेलं असतं, मुलं समोर दाखवलेलं टाइप करतात आणि ॲप होतं. आत्याच्या मुलाला कमी लेखायचं नाही मला, पण कोऱ्या लॅपटॉपवर तेच ॲप त्याला उभं करता येतं का, हे पाहिल्याशिवाय तुलना करू नका. आणि लिनक्स कंपन्यांत चालत नाही हे कुणी सांगितलं तुम्हाला? तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्सचाच कर्नल, म्हणजे गाभा, आहे.

क्लासची फी भरू नका. ‘प्लेसमेंट गॅरंटी’ बारावी न झालेल्या मुलाला देणाऱ्याच्या दारात तर उभंच राहू नका. ॲप बनवायचं सॉफ्टवेअर अँड्रॉइड स्टुडिओ फुकट आहे, ॲप लिहायची कॉटलिन भाषा फुकट आहे, गूगलचा नवशिक्यांसाठीचा अभ्यासक्रमही फुकट आहे. ॲप प्ले स्टोअरवर टाकायला एकदाच २५ डॉलर लागतात, पण ते खातं १८ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय उघडता येत नाही, तेव्हा तीही घाई नको. स्वतःच्या फोनवर ॲप टाकायला काहीच लागत नाही. आयफोनचं ॲप मात्र लिनक्सवर बांधता येत नाही, त्याला मॅक हवा. तो विषय आत्ता सोडून द्या.

आता हे त्याला वाचायला द्या.

बाळा, तुझ्या बाबांचं एक म्हणणं मला पटतं. तीन आठवड्यांत तू उबुंटू, मिंट आणि फेडोरा असे तीन लिनक्स बदललेस. दर वेळी सगळं पुसून पहिल्यापासून सुरुवात. अडलं की पाटी कोरी करायची ही पळवाट आहे. उबुंटूवर परत ये आणि बारावी होईपर्यंत तिथून हलू नकोस. एम्युलेटर सोड, स्टुडिओ आणि एम्युलेटर एकत्र चालवायला १६ जीबी रॅम लागते. खऱ्या फोनवरच काम कर, पण बाबांच्या रोजच्या फोनवर नको. डेव्हलपर ऑप्शन्स, म्हणजे ॲप बनवणाऱ्यांसाठीच्या फोनमधल्या छुप्या सेटिंग्ज, चालू असले की बँकेची काही ॲप्स उघडत नाहीत. घरातला एखादा जुना अँड्रॉइड फोन घे, सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करून ते ऑप्शन्स उघड, यूएसबी डीबगिंग चालू कर, ‘अलाउ’ दाब. बाकीचं कसं करायचं ते तुझ्या वहीत आहेच. पहिलं ॲप एका बटणाचं असू दे. आणि फिजिक्स-गणिताचा रोजचा अभ्यास झाल्यावरच लॅपटॉप उघडायचा. ही अट माझी आहे.

पुन्हा तुमच्याकडे वळतो. सीईटी, जेईई, बीसीएची वेगळी सीईटी, हे रस्ते तुम्हाला माझ्याइतकेच माहीत आहेत. एवढंच म्हणेन की इंजिनिअरिंगला चांगलं कॉलेज मिळालं नाही तर पुण्यात बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स चांगलं शिकवणारी कॉलेजं आहेत, आणि या मुलाला ते शोभेल. तो पर्याय कमीपणाचा मानू नका.

झोपेची तुमची काळजी खरी आहे, तर वेळ त्याच्याशी बोलून ठरवा. डाउनलोड रात्रभर चालू दे, त्याने झोपावं. ते वाक्य तुम्ही त्याला तोंडावर ऐकवलंत, तर ते मागेही तोंडावरच घ्या, आईकरवी निरोप नको.

नवा लॅपटॉप लागणार नाही. आहे त्या लॅपटॉपमध्ये रॅमसाठी मोकळा स्लॉट आहे की रॅम बोर्डावरच पक्की केलेली आहे, हे आधी मुलाला बघायला सांगा, लिनक्सवर त्याला ते एका कमांडमध्ये कळेल. स्लॉट असेल तर एखाद्या रविवारी सकाळी दोघं मिळून रॅम घेऊन या. कोणती घ्यायची ते त्याला ठरवू द्या, तुम्ही फक्त पैसे द्या.