पनिशर आवडतो म्हणून

प्रिय चित्रकारा,

तुझी पानं पाहिली. मार्व्हल कॉमिक्समधला, गुन्हेगारांना स्वतःच गोळ्या घालणारा पनिशर आवडतो आणि त्याची लाजही वाटते, असं लिहिलंयस. लाज सोड. तो का आवडतो ते शोध, तुला त्याचा उपयोग जास्त.

१९७४ साली 'अमेझिंग स्पायडरमॅन'च्या १२९व्या अंकात फ्रँक कॅसल, म्हणजेच पनिशर, पहिल्यांदा आला, तो नायक म्हणून नव्हे. स्पायडरमॅन खुनी आहे असं सांगून जॅकल नावाच्या खलनायकाने त्याचे कान भरले होते. म्हणजे पदार्पणातच हा न्याय करणारा भलत्याच माणसावर बंदूक रोखून उभा! पुढे त्याला स्वतःची मालिका मिळाली आणि ही शंका पुसट होत गेली. समोरचा गुंड दोषीच आहे हे बहुतेक वेळा आपल्याला आधीच दाखवलेलं असतं. साक्षी नाहीत, तारखांवर तारखा नाहीत. त्यात निवेदनाच्या चौकटी फ्रँकच्याच आवाजात. माझ्या मते आपल्याला भुरळ पडते ती हिंसेची कमी, त्या खात्रीची जास्त. आणि ती खात्री फ्रँकने कमावलेली नसते, लेखकाने फुकट दिलेली असते.

त्याच्या छातीवरची कवटीची खूण अमेरिकेत काही पोलिसांच्या गाड्यांवरही चढली. २०१९च्या एका अंकात मार्व्हलने खुद्द फ्रँकलाच ते स्टिकर फाडायला लावलं. आदर्श हवा तर कॅप्टन अमेरिकाचा घ्या, असं तो पोलिसांना सुनावतो. (कितीजणांनी ऐकलं, कोण जाणे.)

असाच कायदा हातात घेणारा मुखवटाधारी रोर्शाक जास्त अवघड. 'वॉचमेन' या कॉमिक्समध्ये लेखक अ‍ॅलन मूर वाचकाची अशी सोय करत नाहीत. पहिल्याच प्रकरणात रोर्शाक बारमध्ये माहितीसाठी एकाची बोटं मोडतो आणि हाती काही लागत नाही. तरीही न्यूयॉर्कमधल्या लाखोंच्या हत्येबद्दल बाकीचे नायक गप्प राहायचं ठरवतात आणि हा एकटा ऐकत नाही, तेव्हा आपण त्याच्याच बाजूला जाऊन बसतो. बोटं मोडणारा हट्ट आणि न वाकणारा हट्ट एकच. मरण्याआधी तो मुखवटा काढतो, तिथे डेव्ह गिबन्सने काढलेला रडका चेहरा नीट बघ.

आता तुझं पान. तुझा नायक ज्याला मारतो त्याची फक्त पाठ दिसते. एक अख्खी चौकट त्याच्या चेहऱ्याला दे. त्याच्या गुन्ह्याचा पुरावा आधीच्या पानावरून काढून टाक. मग तीच पानं मला पुन्हा पाठव. शाई करू नकोस, पेन्सिलीतच राहू दे.