विंच ताणाला आली की लाइट मंद, इंजिन बंद: बॅटरी घेण्याआधी अर्थिंग मोजा

दादा, दुसऱ्या बॅटरीचे पैसे तूर्त खिशातच राहू द्या. तुम्ही लिहिलंय की विंच (गाडीच्या पुढची दोर ओढणारी मोटर) रिकामा दोर झरझर गुंडाळते, पण वाळव्याकडे उसाच्या रस्त्यात गाडी रुतली की हेडलाइट मंदावतात, कॉन्टॅक्टर (विंचला करंट सोडणारा मोठा स्विच) टिकटिक करतो आणि दोनदा इंजिनच बंद पडलं. बॅटरी नवी आहे, तरी दुकानदार आणखी एक जोडा म्हणतोय. फोटोत विंचची काळी वायर बंपरच्या बोल्टला कसलेली दिसते. माझा संशय त्या बोल्टवर आहे.

१२ व्होल्टची ९५०० पौंडी विंच रिकामी फिरताना साधारण ६०-८० अँपिअर घेते, पूर्ण ताणावर तीच ४०० च्या घरात जाते. आता वाटेत एखादा जोड गंजलेला असेल, किंवा खालचा रंग न खरवडताच कसलेला असेल, तर तिथे पाच मिलिओहम रोध सहज निघतो. ७० अँपिअरला त्यात जेमतेम ०.३५ व्होल्ट जातात, कुणाच्या लक्षातही येत नाही. ४०० अँपिअरला दोन व्होल्ट जातात आणि त्या जोडावर ८०० वॅट उष्णता तयार होते. म्हणून अंगणात टेस्ट केली की विंच एकदम ओके, आणि चिखलात गेली की नाटकं सुरू.

तुमच्या केसमध्ये आणखी एक गंमत आहे. विंचचा सगळा करंट बंपर, चॅसी असा फिरून गाडीच्या मूळ अर्थ पट्टीतून बॅटरीला परत जातो. ती पट्टी दिवे, हॉर्न, वायपर यांच्यासाठी दिलेली असते, ४०० अँपिअरसाठी नाही. तिच्यात दीड-दोन व्होल्ट अडकले की अख्ख्या बॉडीचा अर्थ तेवढा वर चढतो. हेडलाइट, इंजिनचा ईसीयू (कॉम्प्युटर), कॉन्टॅक्टरची कॉइल, ज्यांचा ज्यांचा अर्थ बॉडीवर आहे त्या सगळ्यांना कमी व्होल्ट मिळतात. बॅटरी बिचारी ठणठणीत असते! जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या डिझेल गाड्या अशात बंद पडत नाहीत. कॉमन रेल, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नव्या डिझेल गाडीत ईसीयूला व्होल्ट कमी पडले की इंजिन गेलंच.

हे खरं की खोटं ते मीटर सांगेल. इंजिन चालू, गाडी थोड्या चढावर, दोर झाडाला पट्ट्याने बांधलेला, ब्रेक हलकासा दाबलेला. दोरावर जाड पोतं टाका आणि दोराच्या रेषेत माणूस उभा करू नका. एकाने ब्रेक आणि रिमोट सांभाळायचा, दुसऱ्याने बाजूला उभं राहून मीटर धरायचा, डीसी २० व्होल्टवर. पहिलं माप बॅटरीच्या पोलवर घ्या. क्लॅम्पवर नको, खुद्द शिशाच्या पोलवर. दुसरं माप बॅटरीचा मायनस पोल आणि विंच मोटरचा अर्थचा बोल्ट यांच्यात. ताण असताना इथे अर्ध्या व्होल्टच्या वर काही दिसलं तर चोर सापडला. तसंच बॅटरीच्या प्लसपासून कॉन्टॅक्टरच्या येणाऱ्या बोल्टपर्यंत, आणि मग कॉन्टॅक्टरच्या येणाऱ्या बोल्टपासून जाणाऱ्या बोल्टपर्यंत. माप ताण असतानाच घ्यायचं. बंद विंचवर मीटर लावून ‘सगळीकडे साडेबारा आहे’ म्हणण्याला काही अर्थ नाही.

पोलवरच आकडा दहाच्या खाली कोसळत असेल, तर मात्र दुकानदाराचं ऐका. बॅटरी नवी असली तरी खराब निघू शकते.

वायर बदलताना काळी थेट बॅटरीच्या मायनसला न्या. ३५ स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर) तांब्याची वेल्डिंग केबल चालते, सांगलीत किंवा कराडला वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात मिळेल. जाणं-येणं मिळून चार मीटर धरली तर ४०० अँपिअरला तिच्यात पाऊण-एक व्होल्ट जाईल. १६ स्क्वेअरला तोच आकडा दीडच्या पुढे. एक टोक सोलून आतल्या तारा सुरीने खरवडून बघा. पांढरी झाक दिसली तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, परत करा. थिंबल (केबलच्या टोकाचा बोल्टसाठीचा धातूचा कान) हायड्रॉलिक क्रिम्पिंगने दाबून घ्या. हातोड्याने चेपलेलं थिंबल पहिल्या पावसाळ्यात हिरवं पडतं. केबल सायलेन्सरपासून लांब ठेवा.

ओढण्याची पद्धतही बदला. बामणोलीकडची लाल माती गाडी घसरवते, तुमच्याकडची काळी माती गाडी धरून ठेवते. तिथे ओढ गाडीच्या वजनाइतकी लागली तरी नवल नाही. आधी खोऱ्याने चाकांपुढचा गाळ काढा, मग स्नॅच ब्लॉक (बाजूने उघडणारी कप्पी) लावून दोर दुहेरी करा. विंचवरचा ताण जवळपास निम्मा होतो, करंटही बराच उतरतो. शिवाय जास्त दोर सुटल्यामुळे ड्रमवर कमी थर राहतात. विंचची पूर्ण ताकद पहिल्याच थरावर मिळते.

आणि मिनिटभर ओढलं की थांबा. ४०० अँपिअरने एक मिनिट म्हणजे बॅटरीतून साडेसहा अँपिअर-अवर गेले. आयडलिंगला अल्टरनेटर समजा ४० अँपिअर देत असेल, तर ते भरायला दहा मिनिटं लागतात. थोडी रेस देऊन ठेवा.

राहिली ती टिकटिक. कॉइलला व्होल्ट कमी पडले की कॉन्टॅक्टर सुटतो, लोड गेला की व्होल्ट वर येतात, तो परत चिकटतो. प्रत्येक वेळी आत ठिणगी पडते. तुमच्या कॉन्टॅक्टरने हे बरंच सोसलंय, त्यामुळे आतले पॉइंट कधीही वेल्ड होऊ शकतात. तसं झालं की रिमोट सोडला तरी विंच ओढतच राहते, थेट हुक फेअरलीडवर (दोर बाहेर पडतो त्या चौकटीवर) आदळेपर्यंत. बॅटरीच्या प्लसजवळ, हाताला पटकन सापडेल असा आयसोलेटर (करंट तोडणारा मुख्य स्विच) तुमच्या फोटोत कुठे दिसला नाही. तो आधी बसवा, मीटरचं काम त्यानंतर.