आयथ्रीमध्ये दुसरा मॉनिटर लावला की वर्कस्पेस भलत्याच स्क्रीनवर का जातात?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. लॅपटॉप एकच, त्यावर उबुंटू आणि आयथ्री, म्हणजे विंडो एकमेकींवर न टाकता शेजारी शेजारी मांडणारा 'टायलिंग' विंडो मॅनेजर. कोथरूडला घरी मॉनिटर थेट एचडीएमआयने जोडता, हिंजवडीला ऑफिसात डॉकमधून (लॅपटॉपला मॉनिटर वगैरे एकाच केबलने जोडणारी डबी). तीन नंबरची वर्कस्पेस, म्हणजे विंडोंचा एक गट ठेवणारा आभासी डेस्कटॉप, कधी लॅपटॉपवर उघडते, कधी मॉनिटरवर. झाकण मिटलं की ब्राउझर नाहीसा होतो. वीज जाऊन आली की सगळं एकाच स्क्रीनवर गोळा होतं. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, की टायलिंग आणि दोन मॉनिटर यांचं जमतच नाही का?

जमतं, आणि फार छान जमतं. मिखाएल स्टापेलबर्गने २००९ मध्ये आयथ्री आणलं, तेव्हा अनेक मॉनिटर नीट हाताळणं हे त्याच्या ठरवलेल्या उद्दिष्टांपैकीच एक होतं. चालू असताना प्रोजेक्टर जोडला किंवा काढला तरी गडबड होऊ नये, हेही त्यात आहे. तेव्हा कॉन्फिग, म्हणजे आयथ्रीच्या सेटिंगची फाइल, टाकून देऊन परत नोम या उबुंटूच्या नेहमीच्या डेस्कटॉपकडे वळण्याआधी थोडं थांबा.

आयथ्रीचा हिशेब साधा आहे. विंडो असते वर्कस्पेसची, वर्कस्पेस असते आउटपुटची (स्क्रीन जिथे जोडलेली असते ते पोर्ट), आणि आउटपुट ओळखलं जातं ते त्याच्या नावावरून. प्रत्येक आउटपुटवर एका वेळी एकच वर्कस्पेस दिसते. अजून अस्तित्वात नसलेली वर्कस्पेस तुम्ही उघडली, तर ती फोकस ज्या स्क्रीनवर असेल तिथे तयार होते. म्हणून तुमची तीन नंबरची कधी इकडे, कधी तिकडे. ती आधीच दुसऱ्या मॉनिटरवर असेल, तर मात्र ती तुमच्याकडे येत नाही, तुमचा फोकस तिकडे जातो. एक्समोनॅड हा दुसरा टायलिंग विंडो मॅनेजर वापरलेल्यांना हे खटकतं, कारण तिथे मागितलेली वर्कस्पेस समोरच्या स्क्रीनवर येते. मला आयथ्रीची पद्धत जास्त पटते. लॉग उजवीकडे आणि कोड डावीकडे हे एकदा हातात बसलं की नजर शोधत फिरत नाही.

आता तपासणी. कॉन्फिगला हात लावायच्या आधी टर्मिनलमध्ये नुसतं एक्सरँडआर (स्क्रीनची मांडणी दाखवणारी आणि बदलणारी कमांड) चालवा आणि तीन गोष्टी बघा: मॉनिटर जोडलेला दिसतोय का, त्याचं नाव काय, आणि मापाच्या पुढे अधिक चिन्हानंतर आकडे कोणते. एक्स, म्हणजे स्क्रीनवर चित्र काढणारी खालची यंत्रणा, सगळ्या मॉनिटरना एकाच मोठ्या पटावर मांडतो आणि ते आकडे म्हणजे त्या पटावरची जागा. लॅपटॉप १९२०×१०८०+०+० आणि मॉनिटरही +०+० असेल, तर दोन्ही एकमेकांवर बसलेत. आयथ्री त्यांना एकाच चित्राच्या दोन प्रती समजतं आणि दुसरी स्क्रीन त्याच्या लेखी उरतच नाही. 'ऑटो' देऊन मॉनिटर सुरू केला पण 'राइट-ऑफ' किंवा 'लेफ्ट-ऑफ' दिलं नाही, की हेच होतं. जागा नीट दिली, समजा उजवीकडची, की दुसऱ्या मॉनिटरचे आकडे +१९२०+० होतात. फोकस डावीकडे-उजवीकडे नेणाऱ्या कमांडही याच आकड्यांवर चालतात. टेबलावर मॉनिटर डावीकडे आणि पटावर उजवीकडे असेल, तर कळा उलट्या वाटणारच.

तुमच्या बाबतीत खरी मेख नावात असावी असं मला वाटतं. घरी थेट जोडलेला मॉनिटर एचडीएमआय-१ असतो, डॉकमधून जोडला की तो डीपी-१-२ किंवा तसलंच काहीतरी होतो. ड्रायव्हर बदलला तरी नाव बदलतं: इंटेलचा जुना ड्रायव्हर मधली आडवी रेघ देत नाही, 'मोडसेटिंग' नावाचा ड्रायव्हर देतो. कॉन्फिगमध्ये तुम्ही एकच नाव लिहिलं असेल, तर ऑफिसात ती ओळ कुणालाच लागू पडत नाही आणि आयथ्री फोकसच्या नियमावर जातं. त्रुटीचा संदेश येत नाही, त्यामुळे माणूस भलतीकडे शोधत बसतो.

उपाय कॉन्फिगमध्येच आहे. 'वर्कस्पेस ३ आउटपुट' या ओळीत एकापेक्षा जास्त नावं लिहिता येतात आणि त्यातलं पहिलं जे हजर असेल ते घेतलं जातं. घरचं नाव, मग ऑफिसचं नाव, मग शेवटी लॅपटॉपच्या स्वतःच्या स्क्रीनचं नाव ईडीपी-१, अशी ओळ लिहा. मॉनिटर गेला की त्यावरच्या वर्कस्पेस उरलेल्या स्क्रीनवर येतात. अशी ओळ असेल, तर मॉनिटर परत आल्यावर त्या आपणहून जागेवर जातात. ओळ नसेल तर जात नाहीत आणि मॉनिटरवर एक नवी रिकामी वर्कस्पेस उघडते. 'सगळं एकाच स्क्रीनवर गोळा झालं' ते बहुधा यामुळेच. आत्ता चुकीच्या जागी असलेल्या वर्कस्पेससाठी 'मूव्ह वर्कस्पेस टू आउटपुट राइट' ही कमांड एखाद्या शॉर्टकटला बांधून ठेवा.

दर वेळी एक्सरँडआर हाताने चालवत असाल, तर ते काम ऑटोरँडआर या प्रोग्रॅमला द्या. घरची मांडणी एका नावाने सेव्ह करा, ऑफिसची दुसऱ्या, नुसत्या लॅपटॉपची तिसऱ्या. प्रत्येक मॉनिटर आपली ओळख ईडीआयडी या छोट्याशा माहितीतून सांगतो, ती बघून ऑटोरँडआर योग्य मांडणी लावतं. डॉक दर वेळी नाव बदलत असेल, तर 'मॅच-ईडीआयडी' हा पर्याय द्या, म्हणजे नावापेक्षा ओळख महत्त्वाची धरली जाते.

झाकणाचं वेगळं आहे. एकाहून जास्त स्क्रीन जोडलेल्या असतील, तर झाकण मिटल्यावर काहीच न करणं ही सिस्टमडीची (उबुंटूतल्या सेवा चालवणाऱ्या यंत्रणेची) मूळ सेटिंग आहे. त्यामुळे लॅपटॉप झोपत नाही, हे ठीकच. पण ईडीपी-१ सुद्धा चालूच राहतं आणि तुमचा ब्राउझर मिटलेल्या झाकणाखाली उघडा असतो. झाकण मिटून काम करायचं असेल, तर एक्सरँडआरने ईडीपी-१ बंद करा, त्यावरच्या वर्कस्पेस लगेच मॉनिटरवर येतील. मॉनिटर काढण्याआधी किंवा काढताच ते परत सुरू होईल अशी सोयही ठेवा, नाहीतर काळ्या स्क्रीनसमोर बसावं लागेल. याच जातीची आणखी एक खूण: एक्सरँडआरच्या यादीत एखाद्या आउटपुटपुढे 'डिस्कनेक्टेड' आहे, पण त्याचं माप आणि जागा अजून दिसते, तर पटाचा तो तुकडा जिवंत आहे आणि तिथे विंडो अडकू शकते. त्या आउटपुटला 'ऑफ' द्या.

आता वीज. वळवाच्या दिवसांत पुण्यात ती दिवसातून कितीदा डोळा मारते ते तुम्हाला सांगायला नको. लॅपटॉप बॅटरीवर असतो, त्याला कळतही नाही. मॉनिटर साध्या प्लगवर असेल तर तो बंद होऊन परत सुरू होतो, आणि लॅपटॉपच्या दृष्टीने केबल काढून परत लावली गेली. डिस्प्लेपोर्टवरचे बरेच मॉनिटर तर नुसतं बटण दाबून बंद केले तरी तुटल्यासारखे दिसतात. राउटर ज्या इन्व्हर्टरच्या पॉइंटवर आहे, त्याच पॉइंटवर मॉनिटर घ्या. वर सांगितलेली वर्कस्पेसची ओळ असेल तर मांडणी परत येईलच, पण हातातलं काम मध्येच हलू नये यासाठी हे करावं असं मी आग्रहाने सांगेन.

वीज असतानाही मॉनिटर तुटत असेल, तर केबलवर संशय घ्या. 'एक्सइव्ह' ही एक्सच्या घटना दाखवणारी कमांड 'रूट' आणि 'इव्हेंट रँडआर' या पर्यायांसह चालू ठेवा आणि केबल हलकेच हलवा. टर्मिनलमध्ये ओळी पडायला लागल्या तर कॉन्फिगचा काही दोष नाही. फोरके ६० हर्ट्झला एचडीएमआय २.० लागतं, म्हणजे १८ गिगाबिट प्रतिसेकंद पेलणारी केबल. पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, घ्यायला गेलात तर लांबी आणि किंमत विचारण्याआधी 'प्रीमियम हाय स्पीड' आहे का ते विचारा.

माउसचा बाण मॉनिटर बदलताना मध्यभागी उडी मारतो, असंही तुम्ही लिहिलंय. तो दोष नाही, 'माउस वॉर्पिंग' ही सेटिंग आहे, तिला 'नन' द्या.

पुढेमागे स्वेवर (एक्सऐवजी वेलँडवर चालणारा, आयथ्रीसारखाच विंडो मॅनेजर) जाणार असाल तर दोन गोष्टी लक्षात असू द्या. तिथे एचडीएमआय-१ चं नाव एचडीएमआय-ए-१ होतं, त्यामुळे जुन्या ओळी जशाच्या तशा चालणार नाहीत. पण नावाऐवजी मॉनिटरची कंपनी, मॉडेल आणि सीरियल नंबरही लिहिता येतो, आणि तुमच्यासारख्या दोन ठिकाणी काम करणाऱ्याला त्याचा खूप उपयोग आहे. प्रत्येक स्क्रीनला वेगळं स्केलिंगही तिथे नीट मिळतं.

हे करूनही तीन नंबरची वर्कस्पेस भटकत राहिली, तर एक्सरँडआर टर्मिनलमध्ये जे दाखवतं ते घरचं आणि ऑफिसचं असं दोन्ही, आणि कॉन्फिगमधल्या फक्त वर्कस्पेसच्या ओळी इथे खाली टाका, मी बघून सांगतो.