खोडदची दुर्बीण: जाळीतून वारा जाऊ देणारं तंत्रज्ञान

तुमचा प्रश्न असा आहे: विसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत भारतात परदेशाची नक्कल नसलेलं, मुळातून वेगळा विचार केलेलं असं काही तंत्रज्ञान घडलं का, आणि ते आज प्रत्यक्ष बघता येतं का?

घडलं, आणि बघताही येतं. या प्रश्नावर बहुतेक जण पुण्याच्या सी-डॅकचा 1991 चा ‘परम’ महासंगणक सांगतील. तो मान त्याचा आहेच. पण मी जुन्नर तालुक्यातला, आणि माझा सगळा धंदा लोखंडकामाचा, फॅब्रिकेशनचा. त्यामुळे माझं उत्तर नारायणगावजवळच्या खोडदचं आहे: जीएमआरटी, म्हणजे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण. प्रकाशाऐवजी आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी ती मोठमोठ्या तबकड्यांनी पकडते. 1980 च्या दशकाच्या मध्यावर तिची कल्पना निघाली आणि 1990 च्या दशकात ती उभी राहिली.

एकूण 30 तबकड्या आहेत, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. 14 तबकड्या खोडदला साधारण एक किलोमीटरच्या आवारात दाटीने आहेत. उरलेल्या 16 इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या तीन फाट्यांवर, आजूबाजूच्या गावांच्या शिवारात पसरल्या आहेत. टोकापासून टोकापर्यंत अंतर 25 किलोमीटर. तिसांचं क्षेत्रफळ एकत्र केलं तर पावणेबारा एकर भरतं.

आता यातलं नवं काय ते सांगतो. शेडचे पत्रे असोत की हमरस्त्यावरचा जाहिरातीचा फलक, आम्हाला वजनापेक्षा वाऱ्याची धास्ती जास्त असते. वारा पृष्ठभागावर आदळतो, त्याचा रेटा सांगाड्यावर येतो, तिथून खांबावर आणि खांबावरून पायावर. 45 मीटर व्यासाची तबकडी भरीव पत्र्याची केली असती, तर तो रेटा पेलायला राक्षसी सांगाडा लागला असता, तो फिरवायला तशाच मोटरी आणि गिअर, आणि खाली तसाच पाया. अशा 30 करायच्या म्हटल्या तर खर्चाचा आकडा ऐकूनच फाइल बंद झाली असती.

ही दुर्बीण उभी करणारे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या चमूने पत्रा काढूनच टाकला. नळ्यांच्या 16 कमानी मध्यापासून कडेपर्यंत लावल्या, दोन कमानींच्या मध्ये स्टीलचे दोर ताणले आणि त्या दोरांवर स्टेनलेस स्टीलची जाळी बसवली. जाळीची तार फक्त 0.55 मिलिमीटर जाडीची. मध्याजवळ जाळीचं भोक 10 मिलिमीटरचं, पुढे 15 आणि कडेला 20. वारा सरळ आरपार जातो. वाऱ्याचा रेटा कमी, म्हणून सांगाडा हलका. सांगाडा हलका म्हणून मोटरी लहान. आणि हे सगळं हलकं म्हणून खालच्या काँक्रीटच्या मनोऱ्यावर भारही कमी. एका निर्णयाने वरपासून खालपर्यंत सगळा हिशेब बदलला. या रचनेला त्यांनी ‘स्मार्ट’ असं नाव दिलं होतं.

मग भोकांतून रेडिओ लहरी निसटत नाहीत का? नाही. लहरीच्या लांबीपेक्षा भोक पुष्कळ लहान असेल तर ती जाळी लहरीशी अखंड पत्र्यासारखीच वागते आणि तिला परत फिरवते. ही दुर्बीण साधारण 21 सेंटिमीटरपासून 2 मीटरपर्यंतच्या लहरी पकडायला बांधली गेली. त्यांच्यापुढे एक-दोन सेंटिमीटरचं भोक काहीच नाही. तार तबकडीच्या नेमक्या खोलगट आकारापासून (परवलयापासून) थोडी इकडेतिकडे झाली तरी एवढ्या लांब लहरींना फरक पडत नाही. लहान लहरींसाठी हीच जाळी कुचकामी ठरली असती.

मला खरी हुशारी इथे दिसते. परदेशातल्या मोठ्या दुर्बिणींचा कल तेव्हा लहान लांबीच्या लहरींकडे होता. स्वरूप यांनी मीटरभर लांबीच्या लहरी निवडल्या, कारण तिथे विज्ञानाचे मोठे प्रश्न बाकी होते आणि तिथलं यंत्र आपल्या कारखान्यांत, आपल्या पैशात होण्यासारखं होतं. हायड्रोजनचा अणू 21 सेंटिमीटरची लहर सोडतो. विश्व प्रसरण पावत असल्याने फार जुन्या काळातून येणारी ती लहर ताणली जाऊन मीटरभर किंवा त्याहून लांब होते. विश्वाच्या बालपणीचा हायड्रोजन शोधणं हा या दुर्बिणीमागचा एक मुख्य हेतू होता. पैसा कमी म्हणून दुय्यम काम पत्करलं, असं कोणी म्हणालं तर मला ते अजिबात पटत नाही.

हे एका रात्रीत सुचलेलं नव्हतं. ऑस्ट्रेलियाहून मिळालेल्या 32 छोट्या तबकड्या स्वरूप यांनी 1965 मध्ये कल्याणला उभ्या केल्या होत्या. मग 1970 मध्ये उटीला 530 मीटर लांब आणि 30 मीटर रुंद दुर्बीण झाली. त्यासाठी त्यांनी मुद्दाम असा डोंगर शोधला की त्याचा उतार तिथल्या अक्षांशाइतकाच, 11 अंशांचा असावा. त्यामुळे लांबलचक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाला आणि एकाच दिशेने फिरवून तासन्‌तास एखाद्या स्रोताचा माग काढता येऊ लागला. जागेच्या अंगाने विचार करायची ही सवय खोडदलाही दिसते: आजूबाजूला डोंगर असल्याने शहरांचा रेडिओ गोंगाट अडतो, बर्फ पडत नाही, वारा बेताचा, आणि पुण्याचे कारखाने हाकेच्या अंतरावर.

दुसरी बाजू इलेक्ट्रॉनिक्सची. प्रत्येक तबकडीचा संदेश ऑप्टिकल फायबरने खोडदच्या मुख्य इमारतीत येतो. तिथे प्रत्येक तबकडीची प्रत्येक दुसरीशी जोडी लावून संदेश ताडून पाहतात. 30 तबकड्यांच्या 435 जोड्या होतात. पृथ्वी फिरते तशा त्या जोड्या आकाशाच्या संदर्भात वळत जातात, आणि तासांच्या निरीक्षणानंतर 25 किलोमीटरच्या एकाच दुर्बिणीइतकं बारीक चित्र मिळतं. ही पद्धत मूळ केंब्रिजची, मार्टिन राइल यांना तिच्यासाठी 1974 चं नोबेल मिळालं. म्हणजे पद्धत जगाची, पण यंत्र आपलं.

फळ काय मिळालं? मंगळावर उतरणाऱ्या युरोपच्या ‘स्कियापारेली’ यानाचा क्षीण संदेश ऑक्टोबर 2016 मध्ये खोडदने पकडला. 2020 मध्ये ही दुर्बीण चालवणाऱ्या पुण्याच्या एनसीआरए या संस्थेच्या संशोधकांनी सुमारे 8 अब्ज वर्षांपूर्वीच्या आकाशगंगांमधला हायड्रोजन या दुर्बिणीने मोजला. 2023 मध्ये पल्सारांच्या, म्हणजे ठरावीक वेळाने रेडिओ ठोके देणाऱ्या मृत ताऱ्यांच्या, ठोक्यांतून गुरुत्वीय लहरींचा माग काढणाऱ्या आंतरराष्ट्रीय कामात तिची निरीक्षणं होती.

आता धोका रेडिओ गोंगाटाचा आहे. मोबाइलचे मनोरे, विजेच्या तारांवरच्या ठिणग्या, सगळ्यांचा त्रास होतो. पुणे-नाशिक रेल्वेच्या आखणीतही या दुर्बिणीचा प्रश्न आला. रेल्वे आम्हाला हवीच आहे. टोमॅटो-कांद्याच्या या पट्ट्याला तिची किती गरज आहे हे इथल्या कुणालाही विचारा. तरी मार्ग लांबला तर लांबू द्यावा, दुर्बिणीला धक्का लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. रेल्वेचा मार्ग वळवता येतो, 30 तबकड्या उचलून नेता येत नाहीत.

बघायला यायचं असेल तर 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास या, तेव्हा खोडदला विज्ञान प्रदर्शन भरतं. नेमक्या तारखा आधी विचारून घ्या. नारायणगावपर्यंत एसटी आहे. मोबाइल बंद ठेवायला सांगतील, तो खरंच बंद ठेवा. तबकडीजवळ गेलात की आधी कमानी मोजा, मग दोन कमानींमधले दोर कुठे बांधलेत ते शोधा. जाळी लांबून दिसतच नाही, त्यासाठी ऊन तिरपं असताना जा.