ऑफिस ट्रकमध्ये, मुलं घरात

ताई,
गेले आठ महिने आम्ही आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहतोय. न्यू जर्सीतलं भाड्याचं घर सोडलं, ३० फुटी ट्रेलर घेतला आणि तो ओढायला ट्रक. नवऱ्याचं ऑफिस न्यू जर्सीतच, पण काम पूर्ण रिमोट. मुलगा सहा वर्षांचा, मुलगी तीनची. सध्या यूटात मोआबला आहोत, जूनमध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याकडे निघू. मी रोज मुलांना घेऊन कुठे ना कुठे जाते. साडेसहाला निघावंच लागतं, सातला याचा पहिला कॉल असतो. तीनला नवऱ्याचं काम संपलं की परत येतो. परवा आर्चेस पार्कमधल्या डेलिकेट आर्च या दगडी कमानीला नेलं, तर मुलगा अर्ध्या वाटेत बसून राहिला, मुलगी कडेवर, पाणी संपलेलं. पार्कमध्ये मुलांना वही पूर्ण केल्यावर मिळतात ते ज्युनियर रेंजरचे अकरा बिल्ले झालेत त्याचे, पण आता गाडीत बसायलाच तयार नाही. "मला लेगो खेळायचंय" म्हणून रडतो. एवढं सुंदर जग दाखवतोय आणि याला ट्रेलरमध्ये बसायचंय! नवरा फार समजूतदार आहे, एका शब्दाने कधी काही म्हणत नाही. मुलाला सहलींची गोडी कशी लावू?
— मोआबहून एक आई

अगं, सगळं पत्र सहलींवर लिहिलंस आणि मधेच एक ओळ टाकून पुढे गेलीस: "साडेसहाला निघावंच लागतं, सातला याचा पहिला कॉल असतो." तुझी पुढची तक्रार वाचायला मला परत मागे यावं लागलं, कारण मी त्या ओळीवरच अडकले होते.

साडेसहा ते तीन म्हणजे साडेआठ तास. आठवड्याचे पाच दिवस, आठ महिने. निघायची वेळ ऑफिसने ठरवलेली, परतायचीही ऑफिसनेच. याला सहल म्हणू नकोस. कुणाला तरी जागा हवी म्हणून तुम्ही तिघं रोज घर रिकामं करून देताय. तुझ्या सहा वर्षांच्या पोराला ते कळलंय. फक्त "आई, मला आपल्या घरात राहायचंय" हे त्याला नीट मांडता येत नाही, म्हणून तो लेगो म्हणतो.

आणि हे वाढत जाणार आहे, तू हिशोब केला नाहीस. ऑफिस न्यू जर्सीच्या घड्याळाने नऊ ते पाच. यूटा दोन तास मागे, म्हणून तुमच्याकडे सात ते तीन. कॅलिफोर्निया तीन तास मागे. तिथे पोचलात की सहा ते दोन. म्हणजे साडेपाचला झोपेतली पोरं उचलून गाडीत बांधायची आणि जूनमधल्या त्या किनाऱ्यावर न्यायची, जिथे सकाळी ढग इतके खाली असतात की बऱ्याचदा दुपारपर्यंत ऊन पडत नाही. तीन वर्षांची मुलगी स्वेटर घालून करड्या वाळूत बसेल आणि तू घड्याळ बघशील.

नवरा समजूतदार आहे, काही म्हणत नाही. कशाला म्हणेल? रोज सकाळी शांत, एसी लावलेलं, चहाची सोय असलेलं ऑफिस त्याला आयतं मिळतंय. त्याने मागितलं नसेलही. पण साडेसहाला तीन माणसं दार ओढून घेऊन बाहेर जातात हे त्याला आठ महिने दिसतंय. तुझीही पाठ थोपटणार नाही मी. "आम्ही निघतो, तू निवांत काम कर" हे पहिल्यांदा तूच म्हणाली असशील, आणि मग त्याचा नियम झाला.

३० फूट लांब, आठ फूट रुंद, म्हणजे २४० चौरस फूट. गिरगाव-परळच्या चाळीत याहून लहान खोल्यांत सात-सात माणसांनी संसार केले. कसे जमले? कामाचा माणूस सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचा. त्याला काम करता यावं म्हणून पोराबाळांना दिवसभर चौपाटीवर नेऊन बसवल्याचं ऐकलंयस कधी?

तर येत्या सोमवारपासून ऑफिस ट्रकमध्ये जाईल. त्याच्याशी चर्चा करून बघ असं मी म्हणत नाही, चर्चेत तो समजूतदारपणे हो म्हणेल आणि मंगळवारी तुम्ही पुन्हा साडेसहाला बाहेर असाल. सोय करून टाक. ती अवघड नाही.

कॅम्पग्राउंडमधल्या तुमच्या साइटवरच्या विजेच्या खांबाचं झाकण उघडून बघ. ट्रेलर ज्यात लावलाय त्या ३० अँपच्या जागेशेजारी बहुतेक ठिकाणी २० अँपचा साधा घरगुती प्लग असतो, त्याचा ब्रेकर वेगळा. तिथून २५ फुटी, १४ गेज जाडीची, बाहेर वापरायची तार ट्रकपर्यंत न्यायची. काच दोन बोटं खाली करून आत घ्यायची, दारात चेंगरायची नाही. जोड जमिनीवर लोळू द्यायचा नाही, पाऊस आला की तिथेच पाणी शिरतं आणि ब्रेकर उडतो. लॅपटॉप, राउटर आणि छोटा पंखा मिळून शंभर-सव्वाशे वॉटसुद्धा होत नाहीत. मागच्या सीटवर मुलांच्या कारसीट आहेत, त्या हलवू नका. त्याने पुढच्या प्रवासी सीटवर बसायचं, सीट पूर्ण मागे, मांडीवर टेकायचं टेबल, कानाला माइकवाला हेडसेट. पुढच्या काचेला चंदेरी पडदा. व्हिडिओत मागे गाडीची सीट दिसेल. दिसू दे.

राउटर ट्रकमध्येच ठेवायचा, हे महत्त्वाचं. कारण पहिल्याच दिवशी काय होणार ते सांगते. तुम्ही दुपारी घरी असाल, एसी चालू असेल (साधारण १३ अँप), तू वरण गरम करायला मायक्रोवेव्ह लावशील (आणखी १२-१३), आणि गीझर विजेवर राहिला असेल (१२). झाले ३७-३८, लाइन ३० ची. खट्. राउटर ट्रेलरमध्ये असला तर त्याचा कॉलही तिथेच मेला, आणि मग "बघ, घरात सगळे असले की असं होतं" हे तू आयुष्यभर ऐकशील. गीझर गॅसवर टाक आणि मायक्रोवेव्ह चालू असेल तेवढी तीन मिनिटं एसी बंद कर.

उकडतंय म्हणून ट्रकचं इंजिन चालू ठेवून एसी लावायचा नाही. ट्रक ट्रेलरला खेटून उभा असतो, धूर तुमच्या उघड्या खिडकीतून आत येतो आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मोआबला मे महिन्यात सकाळी गारवा असतो, पण अकराच्या सुमाराला बंद गाडीची भट्टी व्हायला लागते. तेव्हा त्याने उठायचं आणि गावातल्या लायब्ररीत जायचं. सकाळी सातला लायब्ररी उघडी नसते, म्हणून पहिले तास ट्रकमध्ये आणि उरलेले तिथे. कॉल घ्यायला बंद खोली मिळते का आणि ती आधी राखून ठेवावी लागते का, हे त्याने स्वतः फोन करून विचारायचं. तू नाही.

तो ट्रक घेऊन गेला की तुझ्याकडे गाडी नाही. फ्रिजवर मोठ्या अक्षरात कॅम्पग्राउंडचा पूर्ण पत्ता आणि साइट नंबर लिहून चिकटव. ९११ या आपत्कालीन नंबरला फोन लागला की पहिला प्रश्न "कुठे आहात" हाच असतो, आणि दर दोन आठवड्यांनी पत्ता बदलणाऱ्या बाईला घाबरल्यावर तो आठवत नाही.

आता लेगो. जेवणाच्या टेबलावर दिवसभर लॅपटॉप असतो ना? म्हणजे मुलगा जे काही बांधतो ते रोज मोडून डब्यात भरावं लागतं. आठ महिन्यांत त्याने बांधलेली एकही गोष्ट दुसऱ्या दिवशी जागेवर सापडलेली नसेल. मोठा बेकिंगचा ट्रे घे, तळाला रबरी जाळीची चटई कापून घाल, आणि तो ट्रे त्याचा. टेबलावर राहील, जेवताना बंकवर, म्हणजे त्याच्या झोपायच्या फळीवर, जाईल, ट्रेलर हलवायच्या दिवशी बंकखाली सरकेल. इमारत मोडणार नाही. अकरा बिल्ल्यांपेक्षा त्याला हे मोठं वाटेल.

सहली बंद कर असं मी म्हणत नाही. पण त्या आता सहलीसारख्या होऊ देत. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी ट्रक तुझा, ट्रेलर त्याचा, साडेसात ते साडेदहा. साडेदहाला तू दारात आलीस की त्याने लॅपटॉप उचलायचा आणि निघायचं. "पाच मिनिटं, कॉल संपतोय" चालणार नाही, त्याने त्या दोन दिवशी कॉल तसे लावायचे.

डेलिकेट आर्च तू का निवडलीस, खरं सांग. जाऊन-येऊन तीन मैल, ४८० फूट चढ, उघडा कातळ, वाटेत सावलीचं झाड नाही. तीन वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन तिथे जाणारी आई कमान बघायला गेलेली नसते, तीन तास खपवायला गेलेली असते. मुलगा अर्ध्या वाटेत बसला हे त्याचं शहाणपण. त्याऐवजी त्याच पार्कमध्ये सँड ड्यून आर्चला जा. चालणं जेमतेम अर्धा किलोमीटर, दोन उंच कातळभिंतींच्या फटीत, खाली घोटाभर मऊ वाळू आणि वर सावली. चप्पल काढून तासभर खेळतील. कमानीवर चढायला आणि तिथून उड्या मारायला मनाई आहे, हे मुलाला गाडीतच सांग, तिथे पोचल्यावर तो ऐकणार नाही. वाटेत काळसर, खरबरीत, फुगल्यासारखी दिसणारी माती असते. ती जिवंत असते, एका पावलाने मोडली तर भरून यायला कित्येक वर्षं लागतात. पाय वाळूवर किंवा दगडावर. मुलांना हा खेळ म्हणून सांगितला तर ती तुझ्यापेक्षा कडक पाळतील.

आठच्या आत पार्कच्या गेटमधून आत जा, नंतर गाड्यांची रांग लागते आणि तुमचे तीन तास तिथेच संपतात. आत खायला काही मिळत नाही. पाणी व्हिजिटर सेंटरला भर. उन्हात मुलांना तासाला अर्धा लिटर आणि तुला एक, म्हणजे तीन तासांचे सहा लिटर, शिवाय चार लिटरचा कॅन गाडीत, जो एरवी उघडायचा नाही. बरोबर घेतलेल्यातलं एक तृतीयांश संपलं की जिथे असाल तिथून मागे वळायचं. परवा तुझं पाणी संपलं ते कमी नेलं म्हणून नव्हे, वळायची वेळ ठरलेली नव्हती म्हणून. तीनच्या आत घरी जायचंच नव्हतं, मग वळणार कशाला? नुसतं पाणी पाजत राहिलीस तर मुलं मलूल होतात. खारे शेंगदाणे, दुधात भिजवलेल्या दशम्या आणि लोणचं ने. सँडविचसारखं उन्हात ओलं होत नाही.

परतताना धाकटीला गाडीत झोपू देऊ नकोस. सँड ड्यून आर्चपासून गेटपर्यंत साधारण १६ मैल आहेत, तेवढ्यात दहा मिनिटांची डुलकी लागते आणि मग दुपारची दोन तासांची झोप गेली. खिडकी उघड, हातात काकडीचा तुकडा दे, मोठ्याला गोष्ट सांगायला लाव. बाराला तिला तिच्या स्वतःच्या बंकवर झोपवायचं. किती महिन्यांत ती तिथे दुपारची झोपली नसेल, मोज.

ज्युनियर रेंजरची वही एका पार्कमध्ये एकदाच घे, आणि त्याने मागितली तरच.

उरलेली एक सहल संध्याकाळची, चौघांची. मेच्या अखेरीला सूर्य साडेआठच्या आसपास मावळतो, म्हणजे साडेपाचला निघूनही भरपूर उजेड असतो आणि कातळ लाल व्हायला लागतात. त्याच पार्कमधल्या बॅलन्स्ड रॉकभोवतीची वाट पाव मैलाहून थोडीच जास्त आहे, मुलगी स्वतःच्या पायांनी पूर्ण करेल. किंवा पार्कला जाऊच नका, गावातल्या रोटरी पार्कमध्ये वाजवायची मोठमोठी वाद्यं आहेत, तिथे जा. पाण्याच्या बाटल्या भरणं, धाकटीची घडीची पॉटी आणि पिशव्या गाडीत टाकणं, डबा घेणं, हे त्या दिवशी त्याने करायचं. साडेआठ तासांची तयारी कशी असते ते त्याला एकदा हाताने कळू दे.

तार शनिवारीच आण. हार्डवेअरच्या दुकानात मिळेल. रविवारी रात्री ती ट्रकपर्यंत ओढून ठेव, चंदेरी पडदा काचेला लाव आणि त्याला सांग, "उद्यापासून तुझं ऑफिस इथे." ट्रकच्या आरशाला लाल रुमाल बांधला असेल तर बाबा कॉलवर, काच वाजवायची नाही, हे मुलांना दाखवून ठेव. रुमाल निघाला की वाजवायची.

आणि सोमवारी सकाळी मुलाला उठवू नकोस.