आरोग्य-नीतिशास्त्र, आनुवंशिकी आणि पुस्तकांतली चित्रं: तिन्ही जोडून पीएच.डी. करता येते का?

तुमचा प्रश्न असा आहे: मराठी साहित्यात एम.ए. झालंय, हाताला चित्रकला आहे, घरात थॅलेसेमियाचं मूल जवळून पाहिलंय, तर हे तिन्ही जोडून संशोधन करता येईल का, गाईड कोण मिळेल आणि पुढे नोकरीचं काय. तुम्हाला आधीच कुणीतरी उत्तर दिलंय, "असे विषय नसतात, एक काहीतरी धरा." ते वाचून गप्प बसवेना. असे विषय असतात. मी त्यात दीड वर्ष काम केलंय, आणि मी काढलेल्या एका चित्राने एका बाईची दिशाभूल केली, ते अजून विसरलेले नाही.

मी नागपूरची, शिक्षण उपयोजित कलेचं. बरीच वर्षं दिवाळी अंक, मुलांची मासिकं, कवितासंग्रह यांची रेखाटनं करत आलेय. ज्या संपादकांच्या हाताखाली शिकले ते कथा दोनदा वाचल्याशिवाय पेन्सिल उचलू द्यायचे नाहीत. एकदा एका ग्रामीण कथेत रात्री विहिरीकडे निघालेल्या बाईच्या हातात मी कंदील दिला. कथेत कंदील नव्हता. त्यांनी चित्र परत केलं. म्हणाले, "ती अंधारात चाचपडत जाते यावर कथा उभी आहे, आणि तू तिला उजेड देऊन मोकळी झालीस." मजकुरात नसलेली गोष्ट चित्राने सांगायची नाही, हा धडा मी तिथे घेतला आणि पुढे जिथे त्याची खरी गरज होती तिथेच विसरले.

बारा-तेरा वर्षांपूर्वी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) प्रकल्पात मला बोलावलं. सोळा पानी माहितीपुस्तिका, सोपी मराठी, मोठी अक्षरं, पानोपानी चित्रं. मधल्या जोडपानावर जे चित्र होतं ते तुम्ही नक्की पाहिलं असणार, कारण जगभर तेच छापतात. वर आई-वडील, दोघेही अर्धे रंगवलेले, म्हणजे वाहक: स्वतः आजारी नाहीत, पण आजार मुलाकडे जाऊ शकतो. खाली चार मुलं: एक कोरं, दोन अर्धी, एक पूर्ण लाल. मी ते जीव ओतून काढलं. थोरलीला दप्तर दिलं, मधल्या दोघांना विटी-दांडू दिला, आणि लाल मूल सगळ्यांत धाकटं म्हणून आईच्या कडेवर बसवलं. प्रमुख संशोधकांना, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणायचो, ते फार आवडलं.

पुस्तिका लोकांना कळते का हे पाहायला आम्ही गडचिरोलीकडच्या धानोऱ्याच्या पुढच्या एका गावात गेलो. मोहफुलांचे दिवस होते, अंगणवाडीच्या ओट्यावरसुद्धा फुलं वाळत पडली होती. एक बाई दीड वर्षाच्या मुलाला घेऊन आली. मुलाच्या हाताचे पंजे फुगले होते, बोटं मुळाशी जाड झाली होती, आणि हात धरला की ते रडायचं. एस.एस. पॅटर्न, म्हणजे दोष आई आणि बाप दोघांकडूनही आलेला, मूल सिकलसेलग्रस्त. आईला पाचवा महिना चालू होता. दोघंही नवरा-बायको वाहक, हे आशाताईंच्या वहीत लिहिलेलं होतं. गर्भाची तपासणी दहाव्या ते तेराव्या आठवड्यात व्हायला हवी होती, तिला सांगितलंही होतं. ती गेली नव्हती. का गेली नाही, ते तिने माझ्या पानावर बोट ठेवून सांगितलं. बोटाला मोहाचा चिकटा होता, तो डाग त्या प्रतीवर अजून आहे.

"ताई, हे चार लेकरं माहेच समजायचे ना?"

मी म्हटलं, हो, तसं धरा.

"मंग यातलं एक आजारी. ते तं हे झालं." तिने मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. "रायले तीन. दोघं थोडेथोडे अन् एक चांगला. मंग कायले जाऊ नागपूरले तपासाले?"

तिचा हिशोब पक्का होता. चित्राने जे सांगितलं तेच तिने वाचलं. मजकुरात लिहिलं होतं, "प्रत्येक गरोदरपणात मूल सिकलसेलग्रस्त होण्याची शक्यता २५ टक्के असते." चित्रात मात्र "प्रत्येक" कुठेच नव्हतं. चित्रात चार मुलांचं एक घर होतं आणि आजार त्यांच्यात वाटून संपला होता. ज्याला अक्षरं वाचता येत नाहीत त्याच्यासाठी चित्र हाच मजकूर, आणि तो मजकूर मी चुकीचा लिहिला होता.

परत आल्यावर बैठकीत मी हे मांडलं. सर म्हणाले, "प्रत्येक गरोदरपणात" ठळक अक्षरांत आहे, संमतीपत्रावर अंगठा आहे, एथिक्स कमिटीची मंजुरी आहे. कमिटीपुढे काय गेलं होतं ते मी विचारलं. मजकूर गेला होता. चित्रं "नंतर टाकू" म्हणून गेलीच नव्हती. सजावटीला कशाला मंजुरी लागते, असा सगळ्यांचा समज. मला आजही या एका शब्दाचा राग येतो. संमती समजून-उमजून दिलेली असावी असं आपली सगळी नियमावली सांगते, आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ची मार्गदर्शक तत्त्वंही तेच सांगतात. मग ज्या पानामुळे माणसाची समजूत बनते ते पान तपासणीबाहेर कसं ठेवता?

ती तपासणीला गेली नाही, हा तिचा हक्क होता, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. कुणी तपासणी करावी, पुढे काय ठरवावं, हे आपण सांगायचं नसतं. पण तिने ठरवलं ते खोट्या चित्राच्या भरवशावर, आणि ते चित्र माझं होतं.

मग मी चिंचोके आणले. आमच्याकडे अष्टाचंग खेळायला चिंचोका मधोमध फोडतात. एक बाजू काळपट, एक पांढरी. म्हटलं, एक चिंचोका आईचा, एक बाबाचा. दोघांचेही अर्धे काळे, अर्धे पांढरे, म्हणून दोघं वाहक आणि दोघंही ठणठणीत. मूल राहिलं की दोन्ही टाका. दोन्ही काळे पडले तर आजार, एक काळा एक पांढरा तर वाहक, दोन्ही पांढरे तर काहीच नाही. पुढच्या वेळी दोन्ही उचला आणि पुन्हा टाका. मागच्या वेळी काय पडलं होतं हे चिंचोक्याला ठाऊक नसतं.

सर म्हणाले, हा जुगार आहे, सरकारी पुस्तिकेत दिसायला बरा नाही. तरीही मी आशाताईंना घेऊन त्याच ओट्यावर बसले आणि बायकांच्या हातात चिंचोके दिले. पाच-सात वेळा टाकल्यावर लागोपाठ दोनदा काळे-काळे पडले आणि ओटा गप्प झाला. मग मागे बसलेली एक सासू म्हणाली, "म्हंजे एक चिंचोका पोराचाबी हाय." ती पुढे काही बोलली नाही, पण शेजारच्या सुनेने तिच्याकडे मान वर करून पाहिलं. त्या गावात आजारी मूल झालं की सून माहेरी पाठवतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्या बाईचं दुसरं मूल पुढे वाहक निघालं, आजारी नाही. मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. सरांनी बैठकीत एवढंच म्हटलं, "बघा, काही बिघडलं नाही." मी तेव्हा गप्प बसले, आज इथे बोलते. चारांत तीन वेळा काही बिघडणारच नव्हतं, ते तुमच्याच पुस्तिकेत लिहिलंय. दान चांगलं पडलं म्हणून चित्र बरोबर ठरत नाही.

दुसरी चूक वाहकांना अर्धं रंगवण्याची. वंशावळ काढताना पुरुष चौकोन, बाई वर्तुळ, आजारी असेल तर पूर्ण काळं आणि वाहक असेल तर बऱ्याचदा अर्धं, ही डॉक्टरांची खूण आहे. अमेरिकेतल्या आनुवंशिक समुपदेशकांनी १९९५ साली वंशावळीच्या खुणांचे नियम एकसारखे करून दिले. फाइलमध्ये त्या ठीक आहेत. मी तीच खूण चालत्याबोलत्या माणसाच्या अंगावर चढवली, आणि दोन गावांत बायकांनी विचारलं, "हे अर्धी बाई कोन हाय?" नंतर मी वाहक पूर्ण माणूस म्हणून काढला, लुगड्याच्या रंगासकट, आणि मुठीत एक चिंचोका दिला.

तुमच्या प्रबंधाला इथे हवा तेवढा ऐवज आहे. १९१२ साली मानसशास्त्रज्ञ हेन्री गोडार्ड यांनी अमेरिकेतल्या कॅलिकॅक या टोपणनावाच्या घराण्याची वंशावळ पुस्तकात छापली आणि "मंदबुद्धी" ठरवलेल्या माणसांच्या खुणा काळ्या करून टाकल्या. पुराव्याच्या नावाने त्यात फार थोडं होतं, पण पानभर काळे चौकोन पाहून लोकांना ते पटलं. रसायनशास्त्रज्ञ लिनस पॉलिंग यांनी १९४९ साली सिकलसेल हा हिमोग्लोबिनच्या रेणूतला दोष असल्याचं सहकाऱ्यांसह दाखवलं. त्याच माणसाने १९६८ साली लिहिलं की वाहक तरुणांच्या कपाळावर खूण गोंदवावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांत गुंतणार नाहीत. कपाळावरची खूण हेही चित्रच. ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस गावात ठरवून लग्नं व्हायची, अगदी आपल्यासारखी. तिथे सिकलसेलची तपासणी झाली आणि वाहकांना कमीपणा आला, मग लोक आपला निकाल लपवायला लागले. आपल्याकडे कुणी उत्साहाने "पत्रिकेऐवजी रक्त जुळवा" म्हणतं तेव्हा मला हे गाव आठवतं.

आणि व्हिएन्नातले शरीररचनातज्ज्ञ पेर्नकॉफ यांचा शरीररचनेचा अॅटलास, म्हणजे चित्रसंग्रह. १९३७पासून व्हिएन्नात निघालेला, चित्रकलेच्या दृष्टीने अप्रतिम. एरिक लेपिये या चित्रकाराच्या सहीत स्वस्तिक आहे, नाझींचं. व्हिएन्ना विद्यापीठाने नव्वदच्या दशकात चौकशी केली तेव्हा निघालं की नाझी काळात तिथल्या शरीररचना विभागाला मृत्युदंड दिलेल्या किमान १,३७७ माणसांचे देह मिळाले होते. ती चित्रं आज वापरावीत की नाही यावर शल्यविशारदांमध्ये अजून वाद आहे. तुम्ही साहित्याच्या विद्यार्थिनी, हा वाद तुमच्याइतका नीट कोण वाचेल?

आता गाईड. साहित्य विभागातला मुख्य मार्गदर्शक आणि वैद्यकीय बाजूचा सहमार्गदर्शक, ही वाट मला सगळ्यांत सोपी वाटते. मुंबईहून १९९३पासून निघणाऱ्या इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्सचे जुने अंक चाळा, आपल्या देशात या प्रश्नांवर कोण विचार करतंय ते तिथे कळेल. आजाराच्या चित्रकथांवरच्या अभ्यासाला इयन विल्यम्स यांनी २००७ साली ग्राफिक मेडिसिन असं नाव दिलं, तेही शोधा. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये १९११पासून वैद्यकीय चित्रकलेचा स्वतंत्र विभाग आहे, माक्स ब्रोडेल यांनी उभा केलेला. नोकरीचं खरं सांगायचं तर या नावाची जागा मला तरी जाहिरातीत दिसलेली नाही. प्रकल्पांवर काम मिळतं, पैसे उशिरा येतात.

पण गाईड मिळण्याआधी एक गोष्ट कागदावर लिहून घ्या: नाव कुठे लागणार. आमच्या प्रकल्पाचा शोधनिबंध निघाला. त्यात चिंचोक्यांवर अख्खा परिच्छेद आहे, "स्थानिक साधन" म्हणून. लेखक पाच, त्यांत मी नाही. शेवटी आभारात "सजावट साहाय्य" म्हणून माझं नाव. लेखक कोणाला म्हणावं याच्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संपादकांच्या चार अटी आहेत, त्यांतली पहिली कल्पनेतल्या किंवा कामातल्या भरीव वाट्याची. बाकीच्या अटी मसुद्यावर काम करणं, अंतिम रूपाला मान्यता देणं आणि जबाबदारी घेणं या आहेत. मसुदा मला दाखवलाच नाही, तर त्या पुऱ्या कशा करायच्या? आता अनेक नियतकालिकं कोणी काय केलं याची यादी मागतात आणि तिच्यात दृश्य मांडणीचा वेगळा रकाना असतो. तो पहिल्या दिवशी भरून घ्या, सही घेऊन.

चिंचोक्याबद्दल दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. फोडलेला चिंचोका नाण्यासारखा समसमान पडत नाही, पाठ फुगीर असते. म्हणून शक्यतेचा आकडा छापील २५च ठेवायचा, खेळ फक्त "दर वेळी नव्याने" एवढं कळण्यापुरता. आणि तो आई-वडील दोघं वाहक असतील तेव्हाच चालतो. एकच वाहक असेल तर दुसऱ्याचा चिंचोका दोन्हीकडून पांढरा करावा लागतो. हिमोफिलियाला (रक्त न गोठण्याचा आजार) तो लागू नाही, त्याचा वारसा वेगळ्या रीतीने जातो. तुमच्या घरच्या बीटा थॅलेसेमियाला चालतो, दोन्ही आजार अकराव्या गुणसूत्रावरच्या एकाच जनुकातले आहेत. एका पालकाकडून सिकलसेल आणि दुसऱ्याकडून बीटा थॅलेसेमिया आला तरी मूल आजारी असतं, हे तुमच्या नातेवाइकांनाही सांगा, पुष्कळांना माहीत नसतं.

जुलै २०२३मध्ये राष्ट्रीय सिकलसेल मोहीम सुरू झाली, सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य घेऊन. गेल्या वर्षी एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर मला नवं पोस्टर दिसलं. वर अर्धे आई-बाप, खाली चार मुलं, धाकटं लाल. मी काढलेलं नाही, पण तेच. फोटो घेऊन ठेवलाय. विषय नक्की केलात तर इथेच कळवा, मोहाच्या डागाची ती प्रत आणि हा फोटो दोन्ही देईन.